पांढऱ्या फडक्यावरचं तेल

तेलाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये, असं मी पंचवीस वर्षं मानत आलो. झाशीच्या एका कारखान्यात मी ट्रान्सफॉर्मरमध्ये भरायच्या तेलाची तपासणी करायचो. काचेच्या नळीत तेल घ्यायचं, उजेडासमोर धरायचं, आणि जरा गढूळ दिसलं की अख्खा टँकर परत. शंका आली की सही नाही, हा आमच्या खात्याचा नियम. मी अकोल्याहून आलेला, इथे नात्यागोत्याचं कुणी नाही, त्यामुळे माझा सगळा ताठा त्या सहीत होता. तो लपवण्यात आता अर्थ नाही.

मी निवृत्त झालो आणि पुढच्याच जुलैत मुलीला बबीन्याच्या एका शाळेत नोकरी लागली. प्रेम नगरातल्या आमच्या घरापासून पाऊण तासाचा रस्ता, आणि त्यावर ट्रकांची रांग. आमची अकरा वर्षं जुनी गाडी घेऊन ती एकटी जाऊ लागली. तिथे दोन शिक्षिका खोली करून राहतात, तिसरी खाट रिकामी आहे, हेही तिनं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. "फिलहाल तो घर से ही जाऊंगी," ती म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीच. त्या 'फिलहाल'चा, म्हणजे 'सध्यापुरतं'चा, मी धसकाच घेतला. एकुलती एक मुलगी. गाडीनं एकदा जरी दगा दिला तरी ती ती खाट धरणार, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. म्हणजे गाडी बंद पडता कामा नये. तेवढं तरी आपल्या हातात आहे, असं मला वाटलं.

मग मी इंजिन ऑइलच्या मागे लागलो. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं 5W-30. आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, गाडी जुनी झाली, आता 10W-40 टाका, जरा दाट बरं. दुकानदारानं फळीवरून तिसराच डबा काढला, 0W-20, पूर्ण सिंथेटिक, एकदम नवीन माल. W च्या आधीचा आकडा थंडीत तेल किती पातळ राहतं त्याचा आणि नंतरचा इंजिन तापल्यावर किती दाट राहतं त्याचा, इतकं मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि निवडणं वेगळं. मी तीन दिवस तीन दुकानं फिरलो. घरी येऊन जेवताना आकडे बोलत बसलो. एकदा रस्त्यातून परत फिरून दुकानदाराला तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा तो म्हणाला, "साब, गाड़ी में डालना है कि पूजा में रखना है?"

शेवटी मी 0W-20 घेतलं. कारण सांगतो, ते हसण्यासारखं आहे. आमच्या ट्रान्सफॉर्मरचं तेल पाण्यासारखं पातळ आणि नितळ असायचं. तिघांत हेच तसं दिसत होतं. मेकॅनिकनं डबा हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "पुरानी सीलें हैं साब, इतना पतला रोक नहीं पाएंगी।" मी म्हटलं, तू टाक. मेकॅनिकच्या म्हणण्यावर मी उभ्या आयुष्यात कधी सही केली नव्हती.

तेव्हापासून रोज सकाळी, ती निघायच्या आधी, मी बॉनेट उघडून तेलाची दांडी बाहेर काढायचो आणि पांढऱ्या फडक्यावर टेकवायचो. पहिला आठवडा मधासारखा रंग. मग चहासारखा. तिसऱ्या आठवड्यात काळा. ते फडकं घेऊन मी तसाच मेकॅनिककडे गेलो. तो सांगायचा प्रयत्न करत होता, पण मला ऐकायचंच नव्हतं. इंजिन आतून धुवायचं औषध घालून सगळं तेल काढायला लावलं, पुन्हा तेच नवीन भरलं. ते पंधरा दिवसांत काळं झालं. पुन्हा बदललं. संध्याकाळी ती आली की चपला काढायच्या आत मी विचारायचो, आवाज कसा होता? तापमानाचा काटा कुठे होता? चढावर ओढत होती ना? कोणत्या गियरमध्ये? आधी ती नीट सांगायची. मग नुसतं "ठीक थी" म्हणायची. पुढे पुढे तर सरळ न्हाणीघरात जायची.

"अहो, पोरीला आधी पाणी तरी पिऊ द्या," बायको म्हणायची. तिचं माहेर गुरसरायचं, पिढ्यान् पिढ्या इकडचं मराठी घर, गाडीला ती अजून मोटार म्हणते. "मोटारीची एवढी नाडी बघता, कधी माणसाची बघितलीत?" मी चिडायचो. तुला काय कळतंय तेलातलं, असंही एकदा बोललो. ती उठून आत गेली आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

ऑक्टोबरात एका बुधवारी संध्याकाळचे पाच झाले तरी ती आली नाही. मी फाटकात. साडेपाच वाजले. फोन लावला तर दुसऱ्या कॉलवर. मी चप्पल घालून कोपऱ्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. जीव टांगणीला लागला होता. साडेसहा वाजता आमची गाडी वळणावर दिसली, आणि मागोमाग मोटरसायकलवर आमचा मेकॅनिक.

झालं होतं असं की वाटेत डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, तेलाच्या बुधलीच्या चित्राचा. पोरीनं क्षणभरही न थांबता गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. आणखी थोडी चालवली असती तर इंजिन गेलं असतं, मेकॅनिक म्हणाला. इंजिनाच्या मागची जुनी रबरी सील त्या पातळ तेलापुढे आणि माझ्या त्या औषधी धुण्यापुढे टिकली नव्हती. चालत्या गाडीत थेंब थेंब करून तेल जात होतं. त्यानं रस्त्यात तेल भरलं आणि सावकाश तिला घरी आणलं.

"साब, रोज देखते थे आप," तो अगदी नरमाईनं म्हणाला. "डंडी पे निशान तक तेल है कि नहीं, ये नहीं देखा?"

नव्हतं बघितलं. दोन महिने रोज ती दांडी हातात घेतली आणि फक्त रंग बघितला. खालची खूण, वरची खूण, काही नाही. मग त्यानं मला तेही सांगितलं जे आधी ऐकलं नव्हतं. काळं पडणारं तेल आतला मळ उचलत असतं, म्हणजे ते आपलं काम करत असतं. मी दर वेळी कामाचं तेल फेकून देत होतो. मला तिथेच धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तो गेल्यावर त्या लाजेचा रागच झाला. मी मुलीला म्हटलं, "त्याला फोन केलास. मला का नाही केलास?"

ती पायरीवर बसली होती, हाताला काळं लागलेलं.

"आप आते, बाबा. दौड़ के आते," ती म्हणाली. "लेकिन पहले पूछते, किस गियर में थी।" मग जरा थांबून, "मुझे गाड़ी से डर नहीं लगता। शाम को घर आने से लगता है।"

बायको दारात उभी होती. मला रडू येत होतं आणि ते मी रागाच्या खाली दाबत होतो, हे त्या दोघींना कळत असावं.

दिवाळी झाल्यावर तिनं बबीन्यातली ती खाट घेतली. सोमवारी जायचं, शुक्रवारी संध्याकाळी यायचं, असं तिचं तिनंच ठरवलं. सील बदलून झाली होती. तेल कुठलं घालायचं ते तिनं मेकॅनिकशी बोलून ठरवलं, आणि मी विचारलं नाही. विचारू नये म्हणून मी त्या दिवशी उगाचच भाजी आणायला दोनदा बाजारात गेलो.

जायच्या सकाळी बायकोनं लोणच्याची बरणी, पांघरुणं, रव्याचे लाडू असं सगळं मागच्या सीटवर रचलं. मी फाटक उघडून धरलं. माझ्या डोक्यात निदान वीस प्रश्न होते आणि एकही धड नव्हता. गाडी माझ्याजवळ आल्यावर तिनं काच खाली केली आणि वाट बघत राहिली.

"शुक्रवारी येशील ना?" मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "येईन की," ती म्हणाली, चक्क मराठीत. "बाबा, रोज एवढंच विचारलं असतं तर..."

तिनं गाडी गियरमध्ये टाकली आणि निघाली.