गच्चीवरचा दरबार

आमच्या लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. शिवराज्याभिषेकाचा दिवस आला की ते मुलांना गच्चीवर जमवतात. प्लास्टिकच्या खुर्चीवर भगवं कापड घालतात आणि तिच्यासमोर जाताना चपला काढतात. प्रत्येक वाक्यामागे "कळलं?" विचारायची त्यांना सवय आहे.

"नुसतं छत्र धरून राज्याभिषेक होत नाही. राजाने रयतेचं ऐकलं की होतो. कळलं?"

यंदा शेजारची छोटी ओवी महाराज होऊन खुर्चीवर बसली. काकांनी विचारलं, "कोणाची काही तक्रार?" दरवर्षी मुलंच काहीतरी लुटुपुटूची तक्रार करतात. मी मागे मोठ्या माणसांत उभी होते. चारचौघांत मी कधी बोलत नाही, पण तोंडातून निघून गेलं, "नळाला कोणीतरी मोटर लावतं. वर आमच्याकडे पाणी चढत नाही."

मोटर काकांचीच, हे सगळ्या चाळीला ठाऊक.

ओवीने कागदी जिरेटोप सावरला. "काका, मोटर काढा. कळलं?"

काकांनी खुर्चीकडे बघितलं. मग त्यांनी हात जोडले. "कळलं, महाराज."

दुसऱ्या दिवशी आमच्या नळाला पाणी आलं. काका रागावलेत की त्यांना मनातून सुटल्यासारखं वाटतंय, ते मात्र मला अजून कळलेलं नाही.