ते रागावलेले नव्हते

माझा नवरा सव्वीस वर्षं कुवेतला एका गोदामात कामाला होता. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी. म्हणजे आम्ही एका घरात राहिलो ते सगळं मिळून दोन-सव्वादोन वर्षं. ही तक्रार नाही, रेवसजवळच्या आमच्या गावात कितीतरी बायकांचा संसार असाच झालाय. पण ज्या माणसाला मी नीट ओळखतच नव्हते, तो बदललाय हे मला कळणार तरी कसं?

आधी फोनवरचा आवाज बारीक झाला.

"जरा मोठ्याने बोला," मी म्हणायचे.

"मोठ्यानेच बोलतोय," ते म्हणायचे.

मला वाटायचं, तिकडे खोलीत कुणीतरी बाई आहे आणि तिला कळू नये म्हणून हे असं बोलतात. हा संशय मी कुणाजवळ बोलले नाही, पण तो मनातून हललाही नाही.

मग ते कायमचे परत आले. मुलीने दारातच त्यांना मिठी मारली, तरी चेहऱ्यावर काही नाही. दिवसभर ओटीवर खुर्चीत बसून राहायचे. शर्टाची बटणं लावायला त्यांना पाव तास लागायचा. मला वाटायचं, मन तिकडेच राहिलंय. एका दुपारी माझा तोल सुटला.

"राहायचं होतं तिकडेच. आलात कशाला?"

ते बारीक, सपाट आवाजात म्हणाले, "तुझ्यासाठी आलो."

मला तो टोमणा वाटला. त्या दिवसापासून मी मुलीच्या खोलीत झोपू लागले.

त्याच वर्षी मुलीला मुरुडकडचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला होता आणि दोघं एकमेकांना पसंत होती. पाहुणे आले, जेवले. हे समोर बसून होते. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं, पण चेहरा दगडासारखा. चार दिवसांनी मध्यस्थ बाईचा निरोप आला, "मुलीच्या बापाला आम्ही आवडलो नाही. एकदाही हसून बोलले नाहीत. असल्या घरात सोयरीक नको."

मुलीने आठ महिने बापाशी अबोला धरला. मी तिला एका शब्दाने अडवलं नाही. उलट मनात म्हणाले, बरं झालं, आता तुम्हालाही कळू दे.

त्यांचा उजवा खांदा दुखायचा. तेल चोळून झालं, इंजेक्शनं झाली. शेवटी अलिबागला हाडांच्या डॉक्टरीण बाईंना दाखवायला नेलं. त्यांनी खांदा तपासला आणि मग दारापर्यंत चालायला लावलं. चालताना यांचा उजवा हात हलतच नव्हता. मी तर ते कधी पाहिलंही नव्हतं. बाईंनी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली.

त्या डॉक्टरांनी अंगठ्यावर बोट आपटायला सांगितलं, मनगट फिरवून बघितलं. मग म्हणाले, "चाचा, जरा हसा बघू."

हे त्यांच्याकडे बघत राहिले. डॉक्टर पुन्हा म्हणाले, "हसा ना."

"हसतोय की," हे म्हणाले.

मी समोर बसले होते. त्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

पार्किन्सन, म्हणजे कंपवात. मी म्हणाले, "पण यांचे हात तर थरथरत नाहीत." डॉक्टर म्हणाले, सगळ्यांचे थरथरतात असं नाही. काहींचं अंग नुसतं ताठरतं, आवाज बसतो, चेहऱ्याचे स्नायू हलेनासे होतात. आत सगळं जाणवत असतं, बाहेर काही दिसत नाही. बरा होत नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहतो.

परतीच्या लाँचमध्ये मी त्यांना विचारलं, "मुलीचं मोडलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"रडलो," ते म्हणाले. "तुम्ही कुणी बघितलं नाहीत."

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं. ती त्यांच्या पायाशी बसून खूप रडली. पण ते स्थळ गेलं ते गेलंच. पुढे तिचं लग्न पेणला झालं.

गोळ्यांनी पहिली दोन-तीन वर्षं बरी गेली. मग पाय अडकायला लागले. एकदा तपासणीला निघालो तेव्हा धक्क्यावरून लाँचमध्ये पाय टाकायच्या वेळी ते जागच्या जागी खिळले. मागे रांग खोळंबली. कुणीतरी ओरडलं, "म्हातारा ढोसून आलाय काय?"

आयुष्यात दारूला कधी शिवले नाहीत ते. मी ओरडून सांगितलं, "दारू नाय, आजार हाय!" तोवर लोक बाजूने वाट काढून पुढे गेले होते.

त्या आठवड्यात गावात बायकांची बैठक होती. मला भाषण करता येत नाही. मी फक्त घरी घडलं तेवढं सांगितलं आणि म्हणाले, माणूस अचानक घुम्या झाला, हळू झाला, तर रुसण्याआधी त्याला डॉक्टरकडे न्या. बऱ्याच जणी आपसात बोलत होत्या. संपल्यावर वरच्या आळीतली एक बाई माझ्याजवळ आली.

"माझे सासरे असेच होते," ती म्हणाली. "आम्ही त्यांना आळशी म्हणायचो. जेवायला उशीर लावतात म्हणून मी ताट उचलून न्यायचे."

"आता कसे आहेत?"

"गेले."

आम्ही दोघी चपला घालून बाहेर पडलो. घरी त्यांच्या चारच्या गोळीची वेळ झाली होती.