हळदबाईंचं अर्धं पत्र

हळदबाई टांग्यात बसण्याआधी घोड्याच्या खोगिराखाली हात घालत. तळहात सरळ आत सरकवायचा, पाठीवरून दोनदा फिरवायचा आणि बाहेर काढून बोटांचा वास घ्यायचा. वास बरा असला तर रुमालाला हात पुसून वर चढायच्या. जखमेचा वास आला तर हातातली पिशवी टांग्यात ठेवायच्या आणि स्वतः बाजूने चालत निघायच्या. शालिमारपासून पंचवटीपर्यंत रिकामा टांगा, आत ऐटीत बसलेली भाजीची पिशवी आणि शेजारून तुरुतुरु चालणाऱ्या साठीच्या बाई, हे दृश्य नव्वदच्या आसपास नाशकात राहिलेल्या पुष्कळांना आठवेल. भाडं मात्र पुरं द्यायच्या. टांगेवाला ओशाळून नको म्हणाला तर म्हणायच्या, "का? पिशवी बसली ना?"

पालिकेच्या शाळेतून त्या निवृत्त झाल्या होत्या. हळदबाई हे नाव त्यांना अड्ड्यावरच्या टांगेवाल्यांनी दिलं, कारण त्यांच्याजवळ कायम एक पत्र्याची डबी असे, करंजाच्या तेलात कालवलेल्या हळदीने भरलेली. ती जखमेवर लावायची, खोगिराखाली जुन्या सुती लुगड्याची घडी सारायची आणि मग तिथेच कट्ट्यावर बसून टांगेवाल्याबरोबर चहा प्यायचा, असा त्यांचा रिवाज होता. प्राण्यांवर दया करा वगैरे प्रवचन त्यांनी दिलेलं मी ऐकलं नाही. किती खेपा झाल्या, घरी कोण आजारी आहे, रिक्षावाले कुठे उभे राहू लागलेत, हेच विचारत बसायच्या. घोड्याची पाठ बघितली की मालकाच्या घरचं कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. मखमलाबादच्या एका माळ्याच्या मळ्यात वाढलेली बाई ती. जनावर आणि माणूस एकाच गोठ्याच्या वाशाखाली झोपलेलं तिने पाहिलं होतं.

माझा त्यांचा संबंध पत्रांमुळे. मी तेव्हा रविवार कारंज्याजवळच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि वाचकांच्या पत्रांचं सदर माझ्याकडे होतं. आमच्या कचेरीत हे काम सगळ्यांत नव्या माणसाच्या गळ्यात मारत, पण मला त्याची गुर्मी फार. शहर काय बोलणार हे आपण ठरवतो, असं मला वाटे. बाई पत्र पोस्टाने पाठवत नसत. स्वतः जिना चढून यायच्या, माझ्यासमोर बसून एकदा वाचून दाखवायच्या आणि कागद टेबलावर ठेवून उठायच्या. मी काटछाट करणार हे त्यांना माहीत होतं. त्याबद्दल त्यांची कधीच तक्रार नव्हती. एकच सांगणं असे, "जागा नसली तर विशेषणं काप, अरे. माणसं कापू नकोस." मी हसून मान डोलवायचो. बाईमाणूस, त्यातून शिक्षिका, शिकवण्याची खोड जायची नाही, असं मनात म्हणायचो.

एका मे महिन्यात भर दुपारी गफूरभाईंची मैना नावाची घोडी पुलाच्या चढावर कोसळली. गफूरभाई म्हणजे अड्ड्यावरचे सगळ्यांत जुने टांगेवाले आणि बाईंच्या रोजच्या चहाचे सोबती. टांग्यात लग्नाला निघालेलं सात माणसांचं कुटुंब होतं. घोडी उठेना म्हणून गफूरभाईंनी चाबूक ओढला. एकदा नाही, चारपाचदा. बाई बाजारातून परतताना पुलावरच होत्या. त्यांनी ते पाहिलं. धावत जाऊन चाबूक धरला, खोगीर सोडलं, तर खाली तळहाताएवढी जखम. दुसऱ्या दिवशी त्या पत्र घेऊन आल्या. नेहमीसारखं वाचून दाखवलं.

त्या पत्राला दोन भाग होते. पहिल्यात जखम, चाबूक आणि घोडीचे डोळे होते. दुसऱ्यात त्यांनी लिहिलं होतं की चौघांच्या टांग्यात सातजण चढले, घासाघीस करून चढले, आणि घोडी पडल्यावर शालू-शेले सांभाळत रिक्षा शोधायला गेले. अड्ड्यावरचा पाण्याचा हौद दोन उन्हाळे कोरडा आहे. रिक्षांपुढे टिकायचं तर टांगेवाला जखमी घोडं जुंपणारच. आणि शेवटी असं की माझ्या वडिलांच्या बैल हाकायच्या पराणीला खिळा होता, मोटेच्या बैलांच्या पुठ्ठ्यावर त्याचे वण होते, आणि आम्ही ते वण मोजत मोठे झालो. तेव्हा गफूरभाईंना बोल लावताना मी स्वतःला बाहेर ठेवत नाही.

संध्याकाळी पानावर जाहिरात आली. अर्ध्या पत्राचीच जागा उरली. मी दुसरा भाग उडवला आणि राहिलेल्यावर मथळा टाकला, 'मुक्या जिवावर टांगेवाल्याचा अत्याचार'. गफूरभाईंचं नाव पहिल्याच ओळीत होतं, ते तसंच छापलं गेलं. त्या दिवशी मी मथळ्यावर इतका खूष होतो की शेजारच्या टेबलाला तो दोनदा वाचून दाखवला.

त्या वर्षांत हवाच अशी होती की काडी पडायचा अवकाश. पहिल्या आठवड्यातली पत्रं घोडीबद्दल होती. दुसऱ्या आठवड्यात घोडी मागे पडली आणि 'हे लोक' आले. तिसऱ्या आठवड्यात तर दया या गुणाचा कोणत्या धर्मात जन्म झाला आणि कोणाच्या रक्तातच तो नाही, यावर सुशिक्षित माणसं पानं भरभरून लिहू लागली. त्यांत वकील होते, प्राध्यापक होते, निवृत्त अधिकारी होते. मालेगावला कोण राहतं इथपासून कोणी काय खावं इथपर्यंत चर्चा पोचली. संपादकांनी मला बोलावून सदराला अर्धं पान वाढवून दिलं. चहाच्या टपऱ्यांवर लोक आमचा अंक मागून वाचत होते, आणि मला वाटत होतं की मी शहरात वैचारिक मंथन घडवून आणतोय.

मग एका सकाळी दहा-बाराजणांची एक समिती अड्ड्यावर गेली. समिती आठच दिवसांपूर्वी जन्मली होती. त्यांनी मैनाला 'मुक्त' केलं, म्हणजे गफूरभाईंना दोघांनी धरून ठेवलं आणि बाकीचे घोडी सोडून घेऊन गेले. जाताना टांग्याचं एक चाक मोडलं. घोडी गावाबाहेर कुणाच्या तरी गोठ्यात नेऊन बांधली. बाईंना हे कळलं तेव्हा त्या डबी घेऊन अड्ड्यावर गेल्या, तर एकाही टांगेवाल्याने त्यांना घोड्याला हात लावू दिला नाही. शिवी कुणी दिली नाही. फक्त प्रत्येकजण घोड्याच्या आणि त्यांच्या मधे येऊन उभा राहिला.

मला वाटलं होतं, आता बाई कचेरीत येऊन माझी खरडपट्टी काढतील. मी काय सांगायचं ते ठरवूनही ठेवलं होतं, जाहिरात, जागा, वेळ. पण त्या आल्याच नाहीत. त्या चौकशी करत करत त्या गोठ्यापर्यंत गेल्या होत्या. तिथे म्हशींच्या शेजारी मैना आखूड दाव्याने बांधलेली होती. पुढ्यात कडबा होता, पाण्याची बादली उपडी पडली होती आणि जखमेवर माशा होत्या. समितीतल्या कुणालाही घोड्यातलं काही कळत नव्हतं. गायीसारखंच असतं, असा त्यांचा समज.

त्याच आठवड्यात समितीने सभा ठेवली. अर्थातच बाईंचा सत्कार होता, कारण सगळ्याची सुरुवात त्यांच्या पत्राने झाली होती. मी वही घेऊन पहिल्या रांगेत बसलो होतो. बाईंनी शाल घेतली नाही, नारळही घेतला नाही, नुसत्या ध्वनिक्षेपकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. गोठ्यात काय पाहिलं ते त्यांनी सांगितलं. मग पराणीचं सांगितलं. म्हणाल्या, "माझ्या बापाने बैलाला खिळा टोचला, तेव्हा माळी क्रूर असतात असं कुणी पेपरात लिहिलं नाही. बाप तापट आहे म्हणाले. गफूरभाईंना तेवढं तरी द्या."

मागून कुणीतरी विचारलं, बाई, तुम्ही त्यांची बाजू घेताय काय? बाई म्हणाल्या, "मी घोडीची बाजू घेतेय. ती तुमच्या गोठ्यात तहानलेली उभी आहे." सभागृहात कुजबुज सुरू झाली. मी मान खाली घालून लिहीत होतो आणि वाट बघत होतो, आता या म्हणतील की माझं पत्र अर्धवट छापलं, आणि माझ्याकडे बोट करतील. त्या म्हणाल्या, पत्रावर सही माझी आहे, त्याने जे झालं ते माझ्या पदरात. बस्स. मी सुटलो. खरंच सांगतो, त्या क्षणी मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाषणाला आमच्या अंकात चार ओळी मिळाल्या. समितीच्या अध्यक्षांच्या भाषणाला दोन रकाने होते.

घोडी परत मिळाली. बाईंनी त्या गोठ्याच्या दाराशी सलग तीन दिवस ठाण मांडलं, तेव्हा गोठ्याचा मालकच कंटाळला आणि म्हणाला, न्या ही ब्याद. बाई मैनाला हाताने धरून चालत अड्ड्यावर घेऊन आल्या. गफूरभाईंनी दोर घेतला, घोडीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "बाई, झूठ नाही लिहिलं तुम्ही. चाबूक मी मारलाच. पण मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं. तुम्ही गावाला सांगितलं." त्यानंतर त्यांनी बाईंना कधी चहा विचारला नाही. बाईंनीही मागितला नाही.

खोगिराखाली हात घातल्याशिवाय टांग्यात बसायचं नाही हा नेम, आणि हात आता कुणी घालू देईना. त्यामुळे बाईंचा टांगाच सुटला. रिक्षातही त्या बसत नसत. पंचवटीहून बाजारापर्यंत पायी जायच्या, पायीच यायच्या. रस्त्यात दिसल्या की मी दुसऱ्या बाजूला वळायचो. पुढे टांगे कमी होत गेले, मैना मेली, गफूरभाईंच्या मुलाने रिक्षा घेतली. मलाही बढती मिळाली आणि पत्रांचं सदर दुसऱ्या नव्या माणसाच्या गळ्यात गेलं.

दहा-अकरा वर्षांनी कळलं की बाईंना अंथरूण धरावं लागलंय आणि त्या ओझरला, विमान कारखान्यात नोकरीला असलेल्या भाच्याकडे राहतात. मी गेलो. खूप वर्षं छातीवर घेऊन हिंडलेली गोष्ट एकदा सांगून टाकावी, एवढाच स्वार्थ. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, हात काटकीसारखे झाले होते. मी सांगितलं, तुमच्या पत्राचा दुसरा भाग मी कापला. जाहिरात आली होती. तुम्ही माणसं कापू नकोस म्हणाला होतात आणि मी नेमकी माणसंच कापली. सभेत तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, त्याचं ओझं आजही आहे. बाई आता क्षमा करतील अशी माझी खात्री होती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. भाच्याच्या बायकोला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. मग म्हणाल्या, "ते कापलंस ते जागेपायी. घाईत होतं असं. त्याचं मी कधी मनात धरलं नाही." मी डोळे पुसले.

"पण नंतरची पत्रं मी रोज वाचत होते," त्या म्हणाल्या. "वकिलाचं, प्राध्यापकाचं, त्या पेन्शनरचं. तिघांची वाक्यं एकाच घडणीची होती. छोटी, टोकदार. माणसं रागात अशी लिहीत नाहीत रे, वेडंवाकडं लिहितात. चाळीस वर्षं पोरांचे निबंध तपासलेत मी. कुणाचा हात कुठे फिरलाय ते कळतं."

मी रुमाल खिशात ठेवला.

"माझ्या पत्राला तुला पाच मिनिटं नव्हती," बाई म्हणाल्या, "आणि त्यांच्या पत्रांवर तू किती मेहनत घेतलीस."

चहा आला. मी तो संपेपर्यंत तिथे बसून राहिलो, आणि बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.