नेमका त्याच वेळी जाणारा आवाज

जन्मभर कुलपं दुरुस्त करून काकांचा माणसांवरचा विश्वास उडाला, की मुळात तो नव्हताच म्हणून ते या धंद्यात पडले, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. काउंटर, किल्ल्या घासायचं मशीन आणि भिंतभर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. डुप्लिकेट किल्ली मागायला गिऱ्हाईक आलं की काका आधी त्याच्या चपलांकडे बघतात आणि मग चेहऱ्याकडे.

"कुणाचं घर?"

"माझंच."

"मग घाम का आलाय?"

"अशाने लोक पुढच्या चौकातल्या दुकानात जातात, काका," मी एकदा म्हटलं.

"चोर जातात," काका म्हणाले.

अशा माणसाच्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता. त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या दादाने, नोकरीसाठी परगावी जाताना तो ठेवला होता. दर रविवारी संध्याकाळी त्याच्या पडद्यावर दादा आणि वहिनी यायचे. काकू गेल्यापासून काकांच्या आठवड्यात तेवढाच एक वार होता, बाकी सगळे नुसते दिवस.

एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. दार आतून लावलं, कडी ओढून पाहिली आणि हळूच म्हणाले, "ती दोघं माझ्यापासून काहीतरी लपवतायत."

"कोण?"

"दादा आणि तुझी वहिनी. आधी सगळं नीट असतं. गुडघा कसा आहे, जेवलात का, तिकडे गरम होतंय का. मग वहिनी खुर्ची पुढे ओढते, दादा घसा खाकरतो, म्हणतो, 'बाबा, जरा घराबद्दल बोलायचं होतं.' आणि आवाज बंद! ओठ हलतायत. एकमेकांकडे बघतायत. हातवारे चाललेत. नेमका त्याच वेळी आवाज कसा जातो रे? दर वेळी?"

"मग दादा नंतर फोन करत नसेल का?"

"करतो. मी उचलत नाही. तोंडावर बोलताना ज्याचा आवाज जातो, त्याचं फोनवर काय ऐकायचं? घर विकायला लावायचंय त्यांना. आज शेवटचं बोलणार. आज आवाज गेला तर मला मुलगा नाही."

हे ते चिडून म्हणाले असते तर मी हसलो असतो. पण ते किल्ली घासताना बोलतात तसे, खाली बघून, सरळ म्हणाले. मी गुपचूप कॉम्प्युटरपुढे बसलो.

कॉम्प्युटरच्या डब्याच्या प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका होता.

"हे काय?"

"तुझ्या काकूचं नखांना लावायचं पॉलिश. दुरुस्तीवाल्याने स्पीकर बदलून दिले, तरी आवाज जातोच. आत काय काय बदललं देव जाणे. आता कुणी उघडलं तर ठिपका फुटेल."

मी डबा उघडणार नाही, असं कबूल केलं. आत पाहायची गरजही नव्हती. पडद्यावरच्या यादीत आवाजाच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह होतं आणि कोपऱ्यात अपडेट मागणाऱ्या सूचनांचा ढीग साचला होता.

"काका, या सूचना येतात तेव्हा तुम्ही काय करता?"

"'नंतर' दाबतो."

"कायम?"

"अरे, अनोळखी माणूस दार वाजवून म्हणतो, मला आत घ्या, मी तुमचं घर सुधारतो. घेशील?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच दार वाजवत होतो.

मग मी त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायला घेतलं. आवाजाची वस्तू ठणठणीत आहे. ती आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक दुभाषी असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो जुना झालाय. पडद्यावर बोलायची सोय मात्र आपोआप नवी होत गेली, तिची भाषा त्याला झेपत नाही. थोडा वेळ दम धरतो, मग मान टाकतो. तुमच्या गुडघ्याची आणि हवेची चौकशी होईपर्यंत तो टिकतो. महत्त्वाचं बोलणं नंतर निघतं, म्हणून जातो ते नेमकं तेच.

"म्हणजे मधला माणूस," काका म्हणाले. "मधला माणूस खातोच."

"ऑपरेटिंग सिस्टीम नवी घातली की दुभाषीही नवा येईल. एकदम नवीन नाही, या डब्याला झेपेल अशी. आणि काका, जुनीला आता कुणी दुरुस्तच करत नाही. तुम्ही कुलूप लावून बसलाय, पण कोयंडा सडलाय."

हा घाव वर्मी लागला. कोयंडा सडलेला त्यांना खपत नाही. "घाल," ते म्हणाले. "पण मी इथेच बसणार."

बसले म्हणजे माझ्या खांद्यावरच बसले. आधी काकूचे फोटो दोन पेन ड्राइव्हवर घेतले. एक त्यांच्या खिशात, दुसरा तिजोरीत. दोन्ही मी उघडून दाखवल्यावरच पुढची परवानगी मिळाली. पासवर्ड टाकताना मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन सुरू झाला तेव्हा ते ताडकन उठले. "कोणी बंद केला?"

"त्यानेच."

"त्याला कोणी सांगितलं?"

मग पडद्यावर प्रश्न आला, तुमचं ठिकाण कळू द्यायचं का? "त्याला काय करायचंय मी कुठे असतो?" मी 'नाही' दाबलं. त्याच्या पुढच्या सगळ्या प्रश्नांना त्यांनी स्वतः माउस हातात घेऊन 'नाही' दाबलं. आवाजालाही 'नाही' म्हणून मोकळे झाले. तो मला मागाहून गुपचूप सुरू करावा लागला.

पिवळं चिन्ह गेलं होतं. मी एक गाणं लावून पाहिलं. ते बराच वेळ वाजलं. काका कान देऊन ऐकत होते, पण गाणं नव्हे, ते कधी बंद पडतं ते.

संध्याकाळी दादा आणि वहिनी पडद्यावर आले. गुडघा झाला. जेवण झालं. हवा झाली. वहिनीने खुर्ची पुढे ओढली. काकांनी माझा हात धरला. "आता बघ," ते पुटपुटले.

दादाने घसा खाकरला. "बाबा, घराबद्दल बोलायचं होतं. आज तरी आवाज बंद करू नका."

"मी?" काका खुर्चीतून अर्धे उठले. "मी बंद करतो?"

"मग कोण? विषय काढला की तुम्ही गप्प. नुसते डोळे वटारून बघता. फोनही उचलत नाही. ही तर म्हणते, बाबांना आपल्याकडे यायचंच नाही, म्हणून बटण दाबतात."

"हो, म्हटलं मी," वहिनी म्हणाली. "राग आला तर येऊ दे. आमच्या घराची खालची खोली रिकामी आहे, रस्त्यावर उघडते. तुमचं दुकान तिथे लागेल. ते विचारायला आम्ही दर रविवारी जीव तोडतोय."

"आणि हे घर?"

"राहू दे ना. कुलूप लावून या. कुलपांची काय वानवा आहे तुम्हाला?"

काका माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "हा आवाज परत घालवता येतो का रे?"

"ऐकू येतंय, बाबा!" दादा ओरडला.

आवाज होता, पण वापरायला कुणी तयार नव्हतं. वाट पाहताना वहिनी नाक ओढत होती, तेसुद्धा स्पष्ट ऐकू येत होतं. काकांनी ते ऐकलं. खिशातला पेन ड्राइव्ह चाचपला. मग एकदम दुकानातल्या आवाजात म्हणाले, "त्या खोलीच्या दाराला कुलूप कुठलं आहे? दाखव."

दादा कॅमेरा घेऊन जिना उतरला. दार दिसलं, कडी दिसली, कुलूप दिसलं. काका पडद्याला नाक टेकवून बघत होते.

"हे? अरे, हे केसांच्या पिनेने उघडेल! इतके दिवस असंच ठेवलंत?"

"मग या ना बदलायला," मागून वहिनी म्हणाली.

"येतो. राहायला नाही, बघायला." त्यांनी मला कोपराने ढोसलं. "ती खालची हत्यारांची पेटी काढ. मोठी, लहान नको. एका कुलपात भागायचं नाही त्यांचं."