आधी वाचा, मग दाबा

रविवारी सकाळी वरणाला फोडणी घालत होते, तेवढ्यात दार वाजलं. दारात रत्नप्रभा. आमच्या घरामागच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर आहे, त्यामुळे येणंजाणं नेहमीचंच. पण आज हातात पेनड्राइव्ह आणि कपाळावर आठी.

"वैनी, चश्मा घ्या आन् चाला. नव्या सर्व्हरमधी लिनक्स टाकून राह्यली मी. तुमी वाचा, मी बटन दाबतो."

"अगं, ह्यांना ने. त्यांना कॉम्प्युटर जास्त कळतो."

"सर अर्धी ओळ वाचतात आन् 'दाब' म्हनतात," ती हळूच म्हणाली. तरी आतून आमच्या ह्यांचं खाकरणं ऐकू आलंच.

मी गॅस बंद केला.

रत्नप्रभा घाटंजीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, बारावी सायन्स. एकोणीस वर्षांपूर्वी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागली. तिथली तिची शिस्त अशी, की बाटलीवरचं लेबल एकाने मोठ्यांदा वाचायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, मगच बूच उघडायचं. पुढे तिला कॉम्प्युटरच्या खोलीत टाकलं, तर शिस्तही सोबत गेली. लोक हसायचे. मग तीन वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या एका इंजिनिअरने घाईत भलतीच डिस्क पुसली आणि चार वर्षांचे निकाल गेले. रत्नप्रभाने छापील याद्यांवरून दोन उन्हाळे बसून ते पुन्हा भरले. हसणं थांबलं, पण इंजिनिअर बाहेरूनच येत राहिले. या वेळी जुना सर्व्हर बंद पडला, तेव्हा तिने प्राचार्यांकडून हा एक रविवार मागून घेतला होता. नाही जमलं, तर सोमवारी पुन्हा बाहेरचा माणूस.

कॉलेजच्या कॉम्प्युटर खोलीत काम सुरू झालं. लिनक्स म्हणजे सर्व्हर चालवणारी मूळ प्रणाली, एवढं मला ठाऊक होतं. मी पडद्यावरची इंग्रजी ओळ वाचायची, अर्थ सांगायची. ती परत म्हणायची, वहीत खूण करायची, मग तिचं बोट खाली. वेळ कुठली ठेवायची असं विचारलं, तेव्हा यादीत कोलकाता निघालं.

"काहून वो, घाटंजी नाही?"

"घड्याळ एकच आहे बाई, दाब."

मग ती ओळ आली. दोन डिस्क, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. सर्व्हर पोचवणाऱ्याने दोन्ही बसवून दिल्या होत्या. एक कोरी, दुसरी जुन्या सर्व्हरमधून काढलेली, तिच्यावर अकरा वर्षांचे निकाल, तेही एकुलते एक. आपण निवडू ती पूर्ण पुसली जाणार होती.

"पहिली कोरी असावी," मी म्हटलं.

"असावी?" तिने माझ्याकडे पाहिलं. "असावी म्हनून बूच उघडत नसतात, वैनी."

बी.एस्सी. असून मी माझं 'असावी' मागे घेतलं.

तिने सर्व्हर बंद केला, वायर काढली, झाकण उघडलं. एका डिस्कवर तिच्याच अक्षरातली चिकटपट्टी होती. "निकाल," मी वाचलं. "निकाल," ती म्हणाली, आणि डिस्क अलगद काढून माझ्या हातात दिली.

"धरा. अकरा वर्साची लेकरं हायेत."

पुढचा दीड तास मी ती ओंजळीत धरून बसले. पाण्यालाही उठले नाही. आता पडद्यावर एकच डिस्क दिसत होती.

"पुरी पुसू?"

"पुरी पूस."

लिनक्स बसलं. पुन्हा सगळं बंद करून तिने निकालांची डिस्क जागेवर लावली. वर्षं एकाखाली एक उघडत गेली, अकराच्या अकरा. आमच्या लेकीचे, प्रेरणाचे, बारावीचे गणिताचे मार्क उघडायला निघाली, तेव्हा मीच म्हटलं, "ते राहू दे."

दुपारी प्राचार्य डोकावले. चालू पडदा पाहून म्हणाले, "अरे वा! कोणता इंजिनिअर आला होता?"

"ही काय," मी तिच्याआधी बोलून गेले. माझा आवाज जरा मोठाच निघाला.

प्राचार्यांनी तिची खुणांनी भरलेली वही चाळली, अगदी शेवटच्या पानापर्यंत. "रत्नप्रभाताई, कॉलेजनं तुमच्यासाठी काय करावं, सांगा."

तिने झाकणाचा शेवटचा स्क्रू घट्ट केला.

"बाकी काही नको, सर. यापुढं कोनीबी इंजिनिअर येवो, डिस्कले हात लावायच्या आधी मले बोलवा."