पुलापलीकडचं रामेन

आमची आणि लिफ्टवाल्यांची भिंत एकच, आणि तीही इतकी पातळ की तिकडे कुणाला उचकी लागली तर इकडे मी पाणी प्यायचे. तेव्हा त्यांचं ते भांडण मी कान लावून ऐकलं असं कुणी म्हणू नये. कानांना काही पापण्या नसतात.

“लग्नाचा वाढदिवस, आणि मला नेलंत कुठे? जिन्याखालच्या दुकानात!” त्यांची बायको म्हणत होती. “चप्पल झिजायलासुद्धा वाव ठेवला नाहीत.”

“रामेनच हवं होतं ना तुला? खाल्लंस की वाडगाभर.”

“या वस्तीत रामेनची दुकानं गल्लोगल्ली. लोक कुठून कुठून येतात, रांगा लावतात. आणि आपण इथेच राहून कधी चार दारं पुढे गेलो नाही!”

“अगं, नूडल्स त्या नूडल्स. वर गरम रस्सा. पोटात गेल्यावर सगळं तळमजल्यालाच लागतं.”

“तुमच्या जिभेला जाड अस्तर लावलंय देवानं!”

मग शिवणयंत्र सुरू झालं. ती रागावली की यंत्र असं धावायचं की गिऱ्हाइकांचे कपडे वेळेआधी तयार व्हायचे.

ती शिंपीण. लोकांच्या पँटी आखूड करायची, पडदे लांब करायची. तोंडात टाचण्या धरून बोलायची, आणि बोलणं टाचण्यांहून जास्त टोचायचं. ते उंच उंच इमारतींच्या लिफ्टा दुरुस्त करायचे, आणि राहायचे आमच्या तीन मजली घरात, जिथे लिफ्ट नाही. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जिना चढताना दिसले की मी विचारायचे, “लिफ्टवाले, आमच्या नशिबी कधी?” ते म्हणायचे, “आजी, जे नाही ते बिघडत नाही.” माणूस नाकासमोर चालणारा. बिघाड सापडला की अर्धं काम झालं, यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास. मूलबाळ नव्हतं. दोघांना दोघंच.

पुढे शिंपिणीने तोंडात टाचण्या धरणं सोडलं. गिळताना दुखतं म्हणाली. आधी सर्दीवर ढकललं, मग हवेवर. शेवटी इस्पितळात गेले तेव्हा घशात गाठ निघाली, आणि ती चांगली नव्हती.

घशाला विजेचे शेक द्यायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, पोटात काहीतरी जात राहिलं पाहिजे. अंगात ताकद टिकली तर शेक पुरे होतील. वजन उतरलं तर थांबवावे लागतील. थांबवले तर काय, ते डॉक्टर बोलले नाहीत, आणि लिफ्टवाल्यांनीही विचारलं नाही. घरी येऊन मला म्हणाले, “आजी, एकच गोष्ट आहे. हिने खाल्लं पाहिजे.”

खाणार काय? घशाखाली घास उतरेना. भाताची पेज केली, तोंड फिरवलं. दूध दिलं, उलटलं. एकदा जिन्याखालच्या दुकानातला रामेनचा नुसता रस्सा आणला, नूडल्स वगळून. तो अर्धी वाटी गेला! पण शिंपीण म्हणाली, “पाणचट आहे.” झालं. लिफ्टवाल्यांना बिघाड सापडला. दुकान चुकीचं होतं.

ज्या माणसाला आयुष्यभर सगळे रस्से सारखे लागले, तो आता रोज कामावरून आला की कडीचा डबा घेऊन बाहेर पडायला लागला. एक दिवस बाजाराच्या कोपऱ्यावर, जिथे कॉलेजची पोरं रांग लावतात. दुसऱ्या दिवशी छापखान्यामागे, जिथला आचारी गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलत नाही. आले की मला दारातच माहिती द्यायचे. “आजी, हाडं पुष्कळ वेळ उकळली ना, की रस्सा दुधासारखा पांढरा होतो. आणि चरबी वरून काढून घ्यायला सांगायची, नाहीतर तिला जड पडेल.” मी म्हणायचे, “लिफ्टवाले, तुम्ही आता आचारी व्हा.” त्यांना हसायला वेळ नव्हता.

शिंपीण दोन चमचे घ्यायची आणि निकाल सांगायची. हे खारट. हे जळकं. हे बरं आहे, पण ते नव्हे. आणि एक दिवस ते पुलापलीकडे, गोदामांच्या मागे गेले. तिथला रस्सा तिने वाटीभर प्याला आणि म्हणाली, “हे!”

मग रोज पूल. जायला तेवढं, यायला तेवढं, आणि वर रांग. डब्याभोवती तिच्याच कापडाच्या चिंध्या गुंडाळायचे, रस्सा निवू नये म्हणून. हळूहळू ही गोष्ट जिनाभर झाली. खालच्या मजल्यावरचा कारकून पूल ओलांडून खाऊन आला आणि म्हणाला, “काय चव, वा! आजारी बाईची जीभ खोटं बोलत नाही.” त्याचं ऐकून आणखी चारजण गेले. मीही सुनेकडून मागवून पाहिलं. चांगलं होतं. मीठ जरा पुढे होतं. पण सगळे वा वा म्हणत होते, मीही म्हटलं.

खरं काय ते मला शिंपिणीनेच सांगितलं. ते डबा घेऊन उतरले की ती भिंतीवर टकटक करायची, आणि मी जायचे. तो तिचा तास. औषधाच्या गुळण्या करायच्या, घशात साठलेलं काढायचं. त्यात रक्ताचे धागे यायचे. तेव्हा ती मोकळी ओरडायची. जनावरासारखी, मी दुसरा शब्द शोधत नाही. मी तिची पाठ धरून बसायचे.

एकदा ओरडणं ओसरल्यावर मी म्हटलं, “अगं, निदान त्या पुलापलीकडच्याची चव तरी लागते ना तुला?”

तिचा आवाज म्हणजे नुसता वारा राहिला होता. “चव कुठली, आजी? शेक दिल्यापासून सगळं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. पुलापलीकडचं काय नि जिन्याखालचं काय.”

“मग त्या माणसाची एवढी पायपीट कशाला?”

“पूल लांब आहे म्हणूनच. ते घरात असले की मला ओरडता येत नाही. मी जरा कण्हले की पाना घेऊन उभे, कुठे ढिलं झालंय बघायला.” ती हसली, आणि हसण्याने तिला इतकं दुखलं की मलाच वाटलं, उगाच विचारलं.

मी कुणाला बोलले नाही. ती त्यांच्यासाठी वाटी संपवायची, ते तिच्यासाठी पूल ओलांडायचे. त्यात मी कोण बोलणारी?

एका संध्याकाळी तिला जास्तच झालं. ती ओरडत होती, आणि मी बर्फ आणायला खाली निघाले. बघते तर खालच्या पायरीवर लिफ्टवाले. डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर. पुलापलीकडचं दुकान त्या दिवशी बंद होतं, म्हणून लवकर परतले होते, आणि जिन्याखालच्याच दुकानातून डबा भरून घेतला होता.

वरून तिचा आवाज येत होता. आम्ही दोघांनी तो ऐकला.

“रोज असंच?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“जा, तुम्ही बर्फ आणा,” म्हणाले. “मी नेहमीच्या वेळेला येतो.”

आणि नेहमीच्याच वेळेला वर आले. वाटीत ओतलं. ती एक घोट घेऊन म्हणाली, “पुलापलीकडचं ते पुलापलीकडचं.”

“हो ना,” ते म्हणाले, आणि तिची उशी सारखी केली.

त्या दिवसापासून त्यांनी मला रश्श्याची माहिती देणं बंद केलं. पण पूल सोडला नाही. जिन्याखालचं दुकान समोर असताना तो माणूस रोज तेवढाच लांब जायचा, परत आला की वरचा आवाज थांबेपर्यंत पायरीवर बसायचा, आणि मग चढायचा. वजन काही भरलं नाही. डॉक्टरांनी शेक थांबवले. घरी घेऊन जा म्हणाले. घरी तर ती होतीच.

शेवटच्या संध्याकाळी तिने टकटक केली ती अगदी हलकी, मी नेमकी भिंतीशी होते म्हणून ऐकू आली. ओरडली नाही. गुळणीचा पेला मी ओठाला लावला तर पाणी तसंच बाहेर आलं. माझा हात तिच्या पाठीवरच होता. थोड्या वेळाने मला कळलं, की मी आता कुणालाच धरून बसलेली नाही.

तिला नीट निजवून, पांघरूण छातीपर्यंत ओढून मी दाराबाहेर आले आणि कठड्यावरून खाली पाहिलं. लिफ्टवाले आत येत होते. डबा हलू न देता, पायाखाली बघत. पायरीशी थांबले. कान वर केला. वर सगळं शांत होतं. तरीही बसले. तिचा तास होता तो. मला हाक मारवली नाही.

मग उठले, एकेक पायरी चढत वर आले, दारात बूट पुसले, आणि नेहमीसारखं आत बघून म्हणाले, “अगं, गरम आहे अजून.”