सातवं मत

ज्या वर्षी मी शिकायला इंग्लंडला गेले, त्या वर्षी माझी माय गावची सरपंच होती. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, लहानसं. ग्रामपंचायतीत सदस्य नऊ. सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघालं आणि तशा निवडून आलेल्या बाया दोनच होत्या, एक माय आणि दुसरी आमच्या शेजारची काकू. दोघींनी ते ओट्यावर शेंगा फोडता फोडता ठरवून टाकलं. काकू म्हणाली, "तूच हो वं. तुले वाचता तरी येते." माय आठवी शिकलेली, काकूला सहीपुरती अक्षरं यायची.

मी तेव्हा हैदराबादला विद्यापीठात आधुनिक इतिहास आणि राज्यशास्त्र शिकत होते. सुट्टीत घरी आले की मायची फाइल घेऊन बसायचे. ठराव, पंचायत समितीची पत्रं, लोकांचे अर्ज. सुट्टी नसली की माय कागदाचा फोटो पाठवायची आणि मी फोनवर उत्तर सांगायचे. ग्रामसेवक माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे तीन गावं होती. आमच्या गावात तो आठवड्यातून एकदा दिसला तर दिसला.

तिसऱ्या वर्षी आमच्या विभागातून दोघांना वर्षभरासाठी तिकडच्या विद्यापीठात पाठवणार होते, त्यात माझी निवड झाली. मी मागेपुढे पाहत होते. माय म्हणाली, "जाय. एक वर्ष तं हाय. मी काय पहिलीत हाय काय आता?" बाबा दारव्हा-यवतमाळ काळीपिवळी जीप चालवतात. त्यांनी मला त्याच गाडीतून यवतमाळला सोडलं. वाटेत सवाऱ्याही घेतल्या, कारण रिकामी गाडी नेणं त्यांना जमत नाही.

भांडण लागलं ते पाण्याच्या लाइनवरून. नवी टाकी झाली होती, पाइप आले होते. उपसरपंचाचं म्हणणं, आधी गावातल्या गल्ल्या, मग उरले तर गावाबाहेरच्या बंजारा तांड्याला. मायचं म्हणणं उलटं. गावात विहिरी आहेत, हातपंप आहे. तांड्यावरच्या बाया उन्हाळाभर नाल्यापलीकडून पाणी आणतात. ग्रामसभेत तिनं ते मंजूर करून घेतलं. पाइपाची नाली खोदत खोदत शाळेच्या कोपऱ्यापर्यंत आली. आणि जानेवारीत, तुरी निघायच्या दिवसांत, तहसीलमधून अविश्वास ठरावाची नोटीस आली.

बाबांनी नोटिशीचा फोटो पाठवला तेव्हा मी तिकडच्या लायब्ररीत बसले होते. 'सदस्यांना विश्वासात न घेता मनमानी कारभार.' खाली सहा सह्या, सभा पुढच्या बुधवारी. बाई सरपंच असली तर नऊपैकी सात मतं लागतात हे मला माहीत होतं. त्यावर मी टिपण लिहिलेलं होतं. सहा तर झाले होते. उरले तिघं. माय स्वतः, तांड्याचा सदस्य आणि काकू. तांड्याचा सदस्य हलणार नव्हता.

मी दोन दिवस वर्गात गेले नाही. सरपंचाच्या वतीनं चार पानी खुलासा लिहिला, जुने निकाल शोधून त्यांचे दाखले जोडले आणि तहसील कार्यालयाला मेल केला. उत्तर आलं नाही. बाबा गाडी सोडून तहसीलला गेले. तिथला बाबू म्हणाला, "पोरीचा मेल आला असंन, पण मेल नाही चालत. कागद पायजे, अन् आवक-जावकचा शिक्का पायजे." बाबांनी दारव्ह्याला कागद छापून घेतला, मायची सही आणली, शिक्का मारून घेतला. बाबू पानं चाळून म्हणाला, "लय चांगलं लिहिलं हाय. पण खुलाशाचा काही उपयोग नाही. तिथं फक्त हात मोजतात." त्याचं खरं होतं. ते मलाही माहीत होतं.

मग मी काकूला फोन केला. माझ्या तिथं सकाळ होती, तिच्याकडे दुपार. फोन तिच्या नवऱ्याचा. मागे तुरी झोडण्याचा आवाज येत होता.

"जेवली काय वं तिकडे?" काकूनं विचारलं. "थंडी लय हाय म्हणते तुझी माय."

मी सरळच विचारलं. "काकू, बुधवारी तुमचा हात कोणाकडे हाय?"

काठ्यांचा आवाज लांब गेला. ती बहुतेक बांधाकडे सरकली.

"ज्या वावरात उभी हावो ना मी, ते उपसरपंचाचं हाय. बटईनं करतो आम्ही, अर्धं पीक त्याले. तुले ठाव हाय."

"पण कायद्यानं तुमच्यावर कोणी जबरदस्ती नाही करू शकत."

"कोणी केलीच नाही, बाई. तो घरी आला, चहा पेला, यंदा वावर दुसऱ्याले द्याचा विचार करून राह्यलो म्हणाला, अन् उठून गेला. येवढंच."

"मग आपण तक्रार करू."

"कायची? चहा पेल्याची?"

ती चिडून बोलत नव्हती. मला खरंच विचारत होती. लहानपणी माय कापूस वेचायला गेली की हीच काकू मला जेवू घालायची, माझ्या वेण्या घालायची. फोन ठेवताना म्हणाली, "स्वेटर घालत जाय. अन् माझ्यावर राग धरशीन तं धर."

बुधवारी सभा दोन वाजता होती. बाबांनी त्या दिवशी गाडी काढली नाही. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला, पण आत फक्त सदस्यांना प्रवेश होता, म्हणून ते ग्रामपंचायतीच्या खिडकीखाली उभे राहिले. मला दिसत होती ती पिवळी भिंत, बाबांच्या चपला आणि मधूनच गर्दीतल्या कोणाचा तरी खांदा. तहसीलदारांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. इकडे मी वर्गाबाहेरच्या पायऱ्यांवर बसलेली, मुलं कॉफीचे कप घेऊन माझ्या बाजूनं आत जात होती. मला सारखं वाटत होतं की काहीतरी करावं, आणि करण्यासारखं एकच होतं, फोन घट्ट धरून ठेवणं.

बाबा हळूच म्हणाले, "सात."

माय बाहेर आली. बाबांनी फोन तिच्यापुढे धरला. तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुझा क्लास नाही काय आता?"

"आहे."

"मंग जाय ना. कायले बसली अशी?"

मी गेले. त्या दिवशीचा विषय होता युरोपात बायकांना मताचा अधिकार कसा मिळाला. आमच्या वयस्क प्राध्यापिकेनं मला काहीतरी विचारलं आणि मी तिला तो प्रश्न दोनदा परत सांगायला लावला. तास संपल्यावर तिनं मला थांबवून घेतलं. मी सगळं सांगितलं. ती मनापासून ऐकत होती. मग म्हणाली, हे तू लिहायला हवं, प्रबंधासाठी याहून चांगलं उदाहरण तुला मिळणार नाही. तिचं काही चुकलं नव्हतं. मी तीन पानं लिहिलीही. त्यात माय 'पदच्युत सरपंच' झाली आणि काकू 'दुसरी महिला सदस्य'. उपसरपंचानं घेतलेला चहा कुठं बसवायचा ते मला कळेना. मी ती फाइल बंद केली.

जूनमध्ये घरी परतले तेव्हा काकू सरपंच होती; राखीव पदाला दुसरी कोणी उरलीच नव्हती. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती आमच्या ओट्यावर दिसली, मांडीवर फाइल. माय ओळीखाली बोट फिरवत तिला वाचून दाखवत होती. काकूनं माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. मी आत निघून गेले.

ती गेल्यावर मी मायला म्हटलं, "तुले काहीच नाही वाटत काय? तिनं पाडलं तुले."

"हो. पाडलं."

"अन् तू तिचे कागद वाचते?"

माय कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "तिले वाचता येत नाही. उपसरपंच समोर ठेवन त्यावर ती सही करन. माझ्यापाशी आणते तं मले समजते तरी, काय चालू हाय गावात." मग कणकेवर पाणी शिंपडून, "पयले आठ दिवस मी बोललीच नाही तिच्यासंग. मंग एका दिवशी तीच कागद घेऊन दारात उभी राह्यली. किती वेळ उभी ठेवाव मी तिले?"

त्या आठवड्यात मायनं मला तांड्याच्या लाइनचा अर्ज लिहायला सांगितलं, सरपंच म्हणून काकूनं सभेपुढे ठेवायचा. तिचं अक्षर सगळे ओळखतात म्हणून माझ्या अक्षरात. मला लिहायचा नव्हता. तरी लिहिला. काकूनं ओट्यावर बसून एकेक अक्षर जोडत सही केली. दोनदा माझ्याकडे वर पाहिलं, मी पाहिलं नाही.

मासिक सभेत त्या विषयावर 'पुढच्या सभेत पाहू' असं लिहिलं गेलं. पुढच्या सभेतही तेच. त्या दुपारी काकू आली आणि दारातच टेकली. "म्या ठेवला होता कागद," ती म्हणाली. "टेबलावर सगळ्यायच्या समोर ठेवला. तुझी माय अन् तांड्याचा बोलले, पण बाकी कोणी उचललाच नाही." मी तिला पाणी दिलं. त्याहून जास्त काय द्यायचं ते मला सुचलं नाही. आणि रागही, जो मी सहा महिने तिकडे सांभाळला होता, तो आता नेमका कोणावर करायचा ते कळत नव्हतं.

शेवटच्या वर्षासाठी मी हैदराबादला निघाले तेव्हा शाळेजवळच्या त्या नालीत गवत उगवलं होतं. बाबांनी तांड्याच्या फाट्यावर गाडी थांबवली. एक म्हातारी बाई चढली, मांडीवर भाजीचं गाठोडं. तिनं मला ओळखलं.

"तू सरपंचाची पोरगी ना? त्या जुन्या. बाहेरदेशी शिकून आली म्हणते?"

मी हो म्हटलं.

"बरं झालं. आमच्या नळाचं काय झालं मंग?"

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"अर्ज दिला आहे," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. गाठोडं जरा आपल्याकडे ओढून माझ्या पायांना जागा करून दिली.